विद्यापीठाच्या मेसेंजरसाठी कोणता क्लायंट घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलैत प्रवेश सुरू झाले की संगणक केंद्राच्या खिडकीशी रोज एकच विचारणा होते: "विद्यापीठाच्या मेसेंजरचं ॲप कुठून घ्यायचं?" अशा ॲपलाच क्लायंट म्हणतात. खिडकीत उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही. समोरच्याकडे कोणता फोन आहे, तो लॅबमध्ये बसतो की वसतिगृहात, मराठीत लिहितो का, जुने मेसेज त्याला किती महत्त्वाचे आहेत, हे विचारल्याशिवाय मी नाव सुचवत नाही. गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांनी, प्राध्यापकांनी आणि कार्यालयातल्या मंडळींनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

एकच अधिकृत ॲप का नाही? सगळीकडे तर एकच असतं.

आपला मेसेंजर एक्सएमपीपी या खुल्या पद्धतीवर चालतो. जेरेमी मिलर यांनी जानेवारी १९९९ मध्ये ती 'जॅबर' या नावाने जाहीर केली. २००४ मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने तिला मानकाचं रूप दिलं आणि २०११ मध्ये ते मानक सुधारून पुन्हा प्रसिद्ध झालं. हे सगळं ईमेलसारखं आहे. पत्ता एक, तो वाचायला प्रोग्राम कोणताही. तुमचा मेसेंजरचा पत्ताही ईमेलसारखाच दिसतो: आधी तुमचं नाव, मग @, मग विद्यापीठाचं डोमेन.

व्हॉट्सॲपची सुरुवातही एक्सएमपीपीमधूनच झाली होती, पण त्यांनी त्यात स्वतःचे बदल केले आणि बाहेरच्या प्रोग्रामना दार बंद ठेवलं. गूगल टॉक २००५ मध्ये आलं तेव्हा ते याच पद्धतीवर होतं. २०१३ मध्ये हँगआउट्स आलं आणि गूगलने ती वाट सोडली. त्या काळात ज्यांचा पत्ता आणि ॲप एकाच कंपनीच्या हातात होतं, त्यांना कंपनी नेईल तिकडे जावं लागलं. आपल्याकडे पत्ता विद्यापीठ देतं आणि ॲप तुम्ही निवडता. उद्या एखादं ॲप बंद पडलं तर दुसरं घ्या, पत्ता तोच राहतो. ही सोय फार मोलाची आहे, म्हणून एकाच ॲपची सक्ती करावी असं मला कधीच वाटलं नाही.

मला खोलात जायचं नाही. नाव सांगा, मी इन्स्टॉल करते.

अँड्रॉइड फोनवर कॉन्व्हर्सेशन्स. आयफोनवर मोनल. विंडोज लॅपटॉपवर गाजिम. लिनक्सवर डिनो किंवा गाजिम. लॅबच्या संगणकावर काहीही इन्स्टॉल न करता ब्राउझरमधला कॉन्व्हर्स.

कॉन्व्हर्सेशन्स प्ले स्टोअरवर विकत मिळतं आणि एफ-ड्रॉइड या मुक्त सॉफ्टवेअरच्या भांडारात मोफत. दोन्हींचा मूळ कोड एकच. महिन्याच्या मेसच्या पैशांचा हिशेब करणाऱ्या मुलामुलींना मी एफ-ड्रॉइड सांगते. ज्यांना परवडतं त्यांनी विकत घ्यावं, कारण ते पैसे थेट ॲप लिहिणाऱ्याला पोचतात.

स्वतः निवडायचं असेल तर सगळ्यात आधी काय तपासू?

रंग, थीम, स्टिकर नंतर बघा. आधी हे तपासा की मेसेज कुठे राहतात.

दोन सोयी आहेत. क्लायंटच्या माहितीपानावर त्या आहेत का ते पाहा. पहिली म्हणजे सर्व्हरवरचा संग्रह. तुम्ही ऑफलाइन असताना काय आलं, काल दुसऱ्या संगणकावर काय बोललात, हे क्लायंट सर्व्हरकडून मागून घेतो. तांत्रिक कागदपत्रांत ही सोय 'एमएएम' किंवा एक्सईपी-०३१३ या नावाने सापडेल (एक्सईपी म्हणजे एक्सएमपीपीच्या वाढीव सोयींना दिलेले क्रमांक). दुसरी म्हणजे कार्बन प्रती, एक्सईपी-०२८०. फोन आणि लॅपटॉप दोन्ही चालू असतील तर प्रत्येक मेसेजची प्रत दोन्हीकडे पोचते, तुम्ही स्वतः पाठवलेल्या मेसेजचीसुद्धा.

या दोन्ही नसल्या तर काय होतं ते रोज दिसतं. विभागातल्या संगणकावर मेसेंजर उघडा राहिला, आपण घरी पोचलो, आणि सरांचा मेसेज त्या रिकाम्या खोलीतल्या संगणकावर जाऊन बसला. फोनवर काहीच नाही. सकाळी सर विचारतात, "रात्री लिहिलं होतं, वाचलं नाहीस?" विद्यार्थी म्हणतो आलाच नाही, सर म्हणतात पाठवलाय, आणि दोघंही खरं बोलत असतात. अशी तक्रार आली की मी सर्व्हर तपासण्याआधी क्लायंटचं नाव विचारते.

आपल्या सर्व्हरवर दोन्ही सोयी चालू आहेत. वर सुचवलेल्या सगळ्या क्लायंटना त्या येतात.

मी पंधरा वर्षं पिजिन वापरतो आहे. उत्तम चालतं. बदलू कशाला?

हा प्रश्न बहुतेक वेळा ज्येष्ठ प्राध्यापकांकडून येतो आणि त्यामागची माया मला कळते. पिजिनचं आधीचं नाव गेम (Gaim). २००७ मध्ये ते बदललं. याहू, एमएसएन, जॅबर अशी सगळी खाती एकाच खिडकीत उघडणारा तो प्रोग्राम होता, आणि त्या काळी त्याला तोड नव्हती.

पण सर, पिजिनची जी दोन-पॉइंट (२.x आवृत्त्यांची) मालिका तुमच्याकडे आहे ती 'एक माणूस, एक संगणक' या दिवसांतली आहे. सर्व्हरवरचा संग्रह तिला वाचता येत नाही. कार्बन प्रती, फाइल अपलोड, ओमेमो (मेसेज कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, त्याबद्दल खाली) हे सगळं वेगवेगळे प्लगइन शोधून बसवावं लागतं आणि ते एकमेकांशी जुळवून घेतीलच असं नाही. तुम्ही फक्त केबिनमधल्या संगणकावरूनच बोलत असाल तर चालू ठेवा, माझा आग्रह नाही. ज्या दिवशी फोनवरही मेसेंजर हवासा वाटेल त्या दिवशी गाजिम बसवून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, मी स्वतः येऊन बसवून देईन.

एक मात्र आजच करा. पिजिनमध्ये 'पासवर्ड लक्षात ठेवा' ही खूण केली असेल तर काढून टाका. ही मालिका पासवर्ड साध्या मजकुरात फाइलमध्ये ठेवते. पिजिनच्या लेखकांनी हे जाणूनबुजून केलं आहे आणि तसं उघडपणे लिहिलंही आहे: खोटी सुरक्षितता दाखवण्यापेक्षा वापरणाऱ्याला खरी स्थिती कळावी, असा त्यांचा विचार. तो पटण्यासारखा आहे, पण केबिनच्या संगणकावर दिवसभरात चार विद्यार्थी बसत असतील तर त्या फाइलपर्यंत कुणीही पोचू शकतं.

मॅकवर ॲडियम वापरणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. त्याचं काम कित्येक वर्षं थांबलेलं आहे. मॅकसाठी मोनल किंवा बीगल बघा.

लॅबमध्ये रोज वेगळ्या संगणकावर बसावं लागतं.

ब्राउझरमधला कॉन्व्हर्स वापरा. लॉगिन करताना 'हे डिव्हाइस विश्वासाचं आहे' अशी खूण असते, ती काढा. मग लॉगआउट केल्यावर तुमचा मजकूर त्या ब्राउझरमध्ये उरत नाही. आणि लॉगआउट कराच. तास संपल्यावर खिडकी तशीच उघडी ठेवून चहाला जाणारे खूप असतात, त्यांचे मेसेज पुढच्या बॅचला दिसतात.

फोनवर मेसेज येतात, पण ॲप उघडल्यावरच. आधी नोटिफिकेशन येत नाही.

अँड्रॉइडवर कॉन्व्हर्सेशन्स सर्व्हरशी स्वतःची जोडणी उघडी ठेवतं. काही फोन कंपन्यांची 'बॅटरी वाचवा' व्यवस्था इतकी कडक असते की पाठीमागे चालणारं ॲप थोड्या वेळात बंद केलं जातं. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला बॅटरी नियंत्रणातून सूट द्या, 'आपोआप सुरू होऊ द्या' असा पर्याय असेल तर तोही चालू करा. अलीकडच्या ॲप्सच्या यादीत त्याला कुलूप लावायची सोय असेल तर तेही लावा. याने बॅटरी फार खाल्ली जाईल अशी भीती असते. शांत जोडणीला वीज फार कमी लागते, पुन्हा पुन्हा तुटून जोडली जाणारी जोडणीच जास्त खाते.

आयफोनचं वेगळं आहे. तिथे कुठल्याच चॅट ॲपला अशी जोडणी पाठीमागे उघडी ठेवता येत नाही. सर्व्हर ॲपच्या पुश सेवेला कळवतो, ती ॲपलच्या सेवेला, आणि मग फोन जागा होतो. ही साखळी चालायला सर्व्हर आणि क्लायंट दोघांनाही एक्सईपी-०३५७ यावं लागतं. आपल्या सर्व्हरला येतं, मोनल आणि आयफोनवरचंच दुसरं ॲप सिस्किन या दोघांनाही येतं. तरी नोटिफिकेशन येत नसेल तर खातं एकदा काढून पुन्हा जोडा. पण त्याआधी खालचा एन्क्रिप्शनचा प्रश्न वाचा.

मेट्रोत किंवा गावाकडे रेंज जाते-येते. मधले मेसेज हरवतात का?

चांगल्या क्लायंटमध्ये हरवत नाहीत. शिवाजीनगरहून स्वारगेटला जाणारी मेट्रो भुयारातून जाते, तिथे जोडणी क्षणभर तुटली तरी 'स्ट्रीम मॅनेजमेंट' ही सोय पोचलेल्या मेसेजची मोजणी ठेवते. जोडणी परत आली की क्लायंट जिथे थांबला होता तिथूनच पुढे चालू होतो. ताम्हिणी घाटात क्षेत्रभेटीला जाऊन दिवसभर रेंजबाहेर राहिलात तर तेवढं पुरत नाही. तेव्हा संध्याकाळी सर्व्हरवरचा संग्रह कामाला येतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि घरचं वायफाय बंद पडलं तरी हेच.

ओमेमो म्हणजे काय? चालू करू का?

या प्रश्नावर मी जास्त वेळ घेणार आहे.

क्लायंट आणि सर्व्हर यांच्यातली वाट नेहमीच कुलूपबंद असते, पण सर्व्हरवर मेसेज वाचता येण्याजोगा पोचतो. ओमेमो चालू केलं की मेसेज तुमच्या फोनवर बंद होतो आणि समोरच्याच्या फोनवर उघडतो, मध्ये सर्व्हरला फक्त अगम्य मजकूर दिसतो. २०१५ मध्ये अँड्रियास श्ट्राउब यांनी कॉन्व्हर्सेशन्ससाठी ते आणलं. त्याचा गाभा सिग्नल ॲपच्या एन्क्रिप्शनमधून घेतला आहे. कॉन्व्हर्सेशन्स, गाजिम, डिनो, मोनल या चारांतही ते अंगभूत आहे.

आता किंमत. ओमेमोमध्ये किल्ली माणसाची नसते, प्रत्येक डिव्हाइसची वेगळी असते. मेसेज पाठवताना तो त्या वेळी माहीत असलेल्या डिव्हाइससाठीच बंद केला जातो. नवा लॅपटॉप आज जोडलात तर कालचे मेसेज त्यावर उघडत नाहीत. सर्व्हरच्या संग्रहात ते असतात, पण कुलपासकट.

दोन वर्षांपूर्वी एक पीएचडीची विद्यार्थिनी रडवेली होऊन केंद्रात आली. मार्गदर्शकांशी प्रबंधाच्या प्रकरणांबद्दल झालेली सगळी चर्चा तिने लॅपटॉपवरच ठेवली होती, ओमेमो चालू होतं. लॅपटॉप बिघडला, दुरुस्तीवाल्याने न विचारता फॉरमॅट केला. सर्व्हरवर एकूण एक मेसेज होता आणि एकही वाचता येत नव्हता. आम्ही काहीच करू शकलो नाही. एन्क्रिप्शन नीट काम करत होतं म्हणूनच करू शकलो नाही. मार्गदर्शकांच्या फोनवर त्यांची प्रत होती, तिथून तिने एकेक मेसेज हाताने उतरवून घेतला. तेव्हापासून ओमेमो चालू करून देताना मी बॅकअप घेतल्याशिवाय माणसाला खिडकीवरून हलू देत नाही.

माझं मत असं. वैयक्तिक बोलणं, तब्येत, तक्रार, समुपदेशन, कुणाचं नाव येईल असं काहीही असेल तर ओमेमो चालूच ठेवा. वेळापत्रक, परिपत्रक, खोली क्रमांक यांसाठी गरज नाही, ते संग्रहात वाचता येण्याजोगं राहिलेलंच बरं. प्रबंधाची चर्चा ओमेमोवर करत असाल तर ती किमान दोन डिव्हाइसवर पहिल्या दिवसापासून जोडलेली असू द्या. आणि समोरच्याची किल्ली एकदा प्रत्यक्ष भेटीत क्यूआर कोड स्कॅन करून पडताळा. कँटीनमध्ये समोरासमोर बसून मिनिटभरात होतं.

ग्रुपमध्ये ओमेमो चालत नाही!

ग्रुप खाजगी, फक्त सदस्यांसाठी आणि सदस्यांचे खरे पत्ते एकमेकांना दिसतील असा असला तरच चालतं, कारण कुणाच्या किल्लीने बंद करायचं हे क्लायंटला कळावं लागतं. वर्गाच्या खुल्या ग्रुपमध्ये हे शक्य नाही. ग्रुपमधल्या एकाकडेही ओमेमो न समजणारा क्लायंट असेल तर त्याला एकही मेसेज वाचता येणार नाही. ग्रुप काढणाऱ्याने आधी सगळ्यांचे क्लायंट विचारून घ्यावेत.

मराठीत नीट लिहिता येतं का?

येतं. एक्सएमपीपीमध्ये सगळा मजकूर यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत जातो, त्यामुळे पाठवण्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते दाखवण्यात आणि शोधण्यात.

दाखवण्याचं आधी. टर्मिनलमध्ये चालणारा प्रोफॅनिटी नावाचा क्लायंट संगणकशास्त्राच्या मुलांना फार आवडतो, वेगवान आहे. पण बहुतेक टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट देतात, आणि आपली जोडाक्षरं, वेलांट्या, रफार त्या चौकटीत मावत नाहीत. 'विद्यार्थ्यांना' हा शब्द तिथे लिहून बघा. मराठीत बोलणाऱ्याने चित्रमय खिडकीचा क्लायंट घ्यावा. लिनक्सवर अक्षरं तुटक दिसली तर नोटो सॅन्स देवनागरी किंवा लोहित फॉन्ट बसवा.

शोधण्याचं जास्त नाजूक आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. 'दुसऱ्या' मधलं अर्धं ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं: नुक्त्याचं ऱ आणि हलन्त, किंवा साधं र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला दोन वेगळे शब्द. 'ॲप' मधल्या ॲचंही तसंच. तो २००८ पासून युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर आहे, पण जुने कीबोर्ड अ वर चंद्र देऊन तो बनवतात. त्यामुळे सरांनी फोनवर एका कीबोर्डने लिहिलेला 'दुसऱ्या सत्राचा' मेसेज तुम्ही लॅपटॉपवर दुसऱ्या कीबोर्डने शोधलात तर सापडणार नाही, आणि दोष क्लायंटला मिळेल. अशा वेळी मेसेजमधला वेगळा शब्द शोधा, इथे 'सत्र'. किंवा दोन्हीकडे इनस्क्रिप्ट वापरा. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने मान्य केलेला हा कळफलक विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे आहे, आणि भारतीय भाषांच्या संगणकीय साधनांवर काम करणारी सी-डॅक पुण्यातच असल्यामुळे त्याची ओळख तरी आपल्याला असायला हवी.

कार्यालयातल्या सहकाऱ्यांसाठी: जुन्या डीटीपी फॉन्टमधलं परिपत्रक कॉपी करून मेसेजमध्ये चिकटवलं की ते इंग्रजी अक्षरांचा गुंता होऊन पोचतं. कोणताही क्लायंट ते दुरुस्त करू शकत नाही. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या किंवा पीडीएफ पाठवा.

मी स्क्रीन रीडर वापरतो. माझ्यासाठी कोणता?

विंडोजवर एनव्हीडीए वापरत असाल तर ब्राउझरमधल्या कॉन्व्हर्सपासून सुरुवात करा. पिजिन आणि गाजिम हे जीटीके या साच्यावर बांधलेले आहेत आणि विंडोजवर जीटीकेच्या खिडक्या स्क्रीन रीडरशी नीट बोलत नाहीत असाच आमच्या विद्यार्थ्यांचा अनुभव आहे. एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक आवाज मराठी वाचतो. केंद्रात या, आपण दोन-तीन क्लायंट शेजारी शेजारी उघडून बघू. या बाबतीत तुमचा अनुभव माझ्या सल्ल्यापेक्षा खरा.

कॉल करता येतो का?

कॉन्व्हर्सेशन्सला २०२० पासून आणि डिनोला २०२२ पासून आवाजाचे व चित्राचे कॉल येतात. दोन्हीकडे कॉल समजणारा क्लायंट हवा.

वसतिगृहाच्या वायफायवर जोडणीच होत नाही, मोबाइल डेटावर होते.

एक्सएमपीपी ५२२२ हे पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, वापरतं आणि काही वायफायवर वेबशिवाय बाकी पोर्ट बंद असतात. आपला सर्व्हर ४४३ या वेबच्या पोर्टवरही ऐकतो, पण सगळे क्लायंट तिकडे आपोआप वळत नाहीत. कॉन्व्हर्सेशन्स वळतं. तुमचा वळत नसेल तर ब्राउझरमधला वापरा, तो वेबच्याच वाटेने जातो.

मात्र फर्ग्युसन रस्त्यावरच्या कॅफेत बसला आहात आणि क्लायंट म्हणतो की सर्व्हरचं प्रमाणपत्र अनोळखी आहे, तर 'तरीही पुढे जा' दाबू नका. आमचं प्रमाणपत्र बिघडलं असेल तर आम्ही सूचना लावतो. सूचना नसेल तर मध्ये कुणीतरी आहे असं धरा.

लॉगिन होत नाही, पासवर्ड बरोबर आहे.

नुसतं नाव नको, @ सकट पूर्ण पत्ता द्या. 'सर्व्हर' ची चौकट रिकामी सोडा, क्लायंट तो डीएनएसमधून (इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीतून) स्वतः शोधतो. दहापैकी आठ जणांनी त्या चौकटीत विद्यापीठाच्या वेबसाइटचा पत्ता लिहिलेला असतो.

क्लायंट बदलताना काय सांभाळू?

जुना आधी काढू नका. नवा बसवा, लॉगिन करा, दोन-चार दिवस दोन्ही चालवा. या दिवसांत तुमचे मित्र जे पाठवतील ते दोन्ही किल्ल्यांसाठी बंद होईल. मग जुन्यातला इतिहास हवा असेल तर तो बाहेर काढा. कॉन्व्हर्सेशन्समध्ये 'बॅकअप तयार करा' आहे, त्यात मेसेज आणि ओमेमोच्या किल्ल्या दोन्ही जातात, आणि तो उघडायला खात्याचा पासवर्ड लागतो. हा बॅकअप एकाच वेळी दोन फोनवर उघडू नका, किल्ल्यांचा हिशेब बिघडतो आणि दोन्ही फोन गोंधळतात. शेवटी जुन्या क्लायंटची किल्ली नव्यातल्या डिव्हाइसच्या यादीतून काढून टाका.

पदवी मिळाल्यावर पत्त्याचं काय होतं?

विद्यापीठाचा ईमेल बंद होतो त्याच दिवशी मेसेंजरही बंद होतो, आणि सर्व्हरवरचा संग्रह नंतर परत देता येत नाही. शेवटच्या सत्राचे निकाल लागायच्या आधीच बॅकअप घ्या. बाहेरच्या एखाद्या एक्सएमपीपी सर्व्हरवर स्वतःचा पत्ता काढून ठेवा. तुमचा आत्ताचाच क्लायंट दोन्ही खाती शेजारी शेजारी दाखवील, आणि आपला सर्व्हर बाहेरच्या सर्व्हरशी बोलतो, त्यामुळे मागे राहिलेल्या मित्रांशी आणि गाइडशी नव्या पत्त्यावरून बोलता येईल. जुना पत्ता चालू असतानाच त्यांना नवा कळवा.